औषधाची किंमत कोण ठरवतं?

फर्दापूरहून आम्ही बोलतोय. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या गाड्या जिथं थांबतात, तो टी पॉइंट आमच्या गावाला लागूनच आहे. आमच्यातल्या काही जणी कापूस वेचायला जातात, काही जणी टी पॉइंटवर चहा-भजी विकतात, दोघी अंगणवाडीत आहेत आणि एक आशाताई आहे.

कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाची किंमत सरकार ठरवतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या कापसाचा भाव व्यापारी ठरवतो, तेही ठाऊक आहे. मग औषधाच्या पाकिटावरची किंमत कोण ठरवतं? हा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला. आम्ही तो धरून ठेवला, शिकलेल्या माणसांना विचारलं, वाचायला येणाऱ्यांनी वाचून दाखवलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. मधे कायदा येईल, कोर्ट येईल. पण गोष्ट शेवटी बायांचीच आहे, तेवढं ऐका.

आधी पेटंट म्हणजे काय ते पाहू. एखाद्यानं नवी वस्तू शोधून काढली की सरकार त्याला कागद लिहून देतं: २० वर्षं ही वस्तू तुझ्या परवानगीशिवाय कुणी बनवायची नाही, विकायची नाही. बदल्यात ती कशी बनते हे त्यानं उघड लिहून द्यायचं. २० वर्षं सरली की ती सगळ्यांची. हा सौदा मुळात वाईट नाही. शोध लावायला पैसा लागतो, वर्षं जातात, दहा प्रयत्न वाया जातात तेव्हा एक लागतो. पण शिलाई मशीनचं पेटंट वेगळं आणि औषधाचं वेगळं. मशीन महाग असली तर आपण हातानं टाके घालू. आजारी माणसाला हातानं घालायचे टाके नसतात. आणि गावात दुकान एकच असलं की भाव दुकानदाराचा, हे कळायला आपल्याला पुस्तक लागत नाही.

आपल्या देशानं १९७० मध्ये पेटंटचा कायदा केला आणि १९७२ पासून तो लागू झाला. त्याआधी औषधांसाठी आपण परदेशी कंपन्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि त्या मागतील ती किंमत देत होतो. नव्या कायद्यानं सांगितलं, पेटंट औषधावर मिळणार नाही, ते बनवण्याच्या रीतीवर मिळेल. भाजी कुणाच्या मालकीची नाही, फोडणीची एक रीत तेवढी त्याची. दुसऱ्यानं दुसऱ्या रीतीनं तीच भाजी करावी आणि खाऊ घालावी. एवढ्या एका नियमावर आपल्याकडे औषधांचे कारखाने उभे राहिले आणि पुढं जगाला स्वस्त औषधं पुरवायला लागले.

याचा सगळ्यात मोठा पुरावा २००१ सालचा आहे. एचआयव्हीची तीन औषधं एकत्र घेतली तर माणूस जगतो, हे तेव्हा कळलं होतं. पण परदेशी कंपन्यांच्या त्या औषधांना एका माणसामागं वर्षाला १० ते १५ हजार डॉलर लागायचे. मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. औषध तेच आणि माणसाचं शरीरही तेच, बदलला होता फक्त बनवणारा. एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनं एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली, तीही पहिल्यांदा सहा राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र होता. आज कितीतरी बाया दर महिन्याला एआरटी केंद्रातून गोळ्या आणतात, पोरं वाढवतात, शेतात राबतात. २००१ ची किंमत तशीच राहिली असती तर कुठल्या सरकारनं ही औषधं फुकट वाटली असती?

पण १९९५ मध्ये आपला देश जागतिक व्यापार संघटनेत गेला. तिथला नियम असा की औषधावरही २० वर्षांचं पेटंट द्यावंच लागेल. आपल्याला दहा वर्षांची सवलत होती, ती संपली आणि १ जानेवारी २००५ पासून कायदा बदलला. भाजीही आता मालकीची झाली. त्या वेळी संसदेत भांडणं झाली, देशभर रुग्णांच्या संघटनांनी आवाज उठवला, आणि कायद्यात एक कलम घातलं गेलं. कलम ३ (डी). नाव अवघड आहे, अर्थ सोपा. जुन्या लुगड्याला नवा काठ लावून ते नवं लुगडं म्हणून विकायचं नाही. कंपन्या काय करतात, पेटंटची २० वर्षं संपत आली की त्याच औषधात थोडा बदल करतात, गोळीचं रूप बदलतात, आणि त्या बदलावर पुन्हा पेटंट मागतात. हे कलम म्हणतं, आजाऱ्याला त्या बदलाचा खरोखर जास्त गुण येत असेल तर दाखवा. नाहीतर पेटंट नाही.

हे कलम कागदावरच राहील असं पुष्कळांना वाटलं होतं. पण रक्ताच्या कॅन्सरवरचं ग्लिव्हेक नावाचं औषध होतं, स्विस कंपनी नोव्हार्टिसचं. महिन्याचा खर्च १ लाख २० हजारांच्या घरात. आपल्याकडच्या कंपन्यांचं तेच औषध ८ ते १० हजारांना मिळायचं. नोव्हार्टिसच्या पेटंटच्या अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेनं विरोध केला. सात-आठ वर्षं ते प्रकरण चाललं आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नवा काठ चालणार नाही.

आता टीबीकडे येऊ. यावर जरा जास्त वेळ बोलणार आहोत, कारण कॅन्सरचं औषध ऐकलं की वाटतं ते शहरातलं, मोठ्या दवाखान्यातलं. टीबी मात्र आपल्या गल्लीतला आहे.

साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. त्या गोळ्या जुन्या आहेत, त्यांच्यावर आता कुणाचं पेटंट नाही, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. पण काही जंतू असे असतात की ते या गोळ्यांना जुमानत नाहीत. कधी गोळ्या मधेच सुटल्यामुळं तसं होतं, कधी असले निगरगट्ट जंतूच दुसऱ्याकडून अंगात येतात. म्हणजे ज्या बाईनं एकही गोळी चुकवली नाही, तिलाही हा टीबी होऊ शकतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण घरात सगळ्यात आधी बोल लागतो तो तिलाच.

या टीबीचा इलाज काही वर्षांपूर्वीपर्यंत फार वाईट होता. दीड-दोन वर्षं औषध, आणि त्यातले निदान सहा महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांचा एक दुष्परिणाम असा की कानाची नस मरते. आधी कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, मग माणसं ओठ हलवताना दिसतात आणि ऐकू काही येत नाही. आमच्या गटातल्या एकीच्या भावजयीचं असं झालं. टीबी बरा झाला, पण तिचा एक कान गेला तो गेलाच. घरात ती हाकेला ओ देत नाही म्हणून सासू चिडायची. तिला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या लक्षात यायलाच कितीतरी दिवस गेले.

मुंबईला नंदिता व्यंकटेशन नावाची मुलगी आहे. पत्रकार आहे आणि लहानपणापासून भरतनाट्यम नाचणारी. १७ वर्षांची असताना तिला पोटाचा टीबी झाला. त्यातून उठली, आणि २०१३ मध्ये टीबी पुन्हा आला. त्या वेळी तिला ती इंजेक्शनं द्यावी लागली आणि दोन्ही कान गेले. नाचणाऱ्या मुलीला ताल ऐकू येईना. ती नंतर पुन्हा नाचली, ऐकू न येता नाचली, ही वेगळी गोष्ट. तिकडे दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा या वस्तीत फुमेझा तिसिले नावाची मुलगी होती. तिलाही टीबी, तोही सगळ्यात भारी प्रकारचा, आणि तिचेही कान औषधानं गेले. एकमेकींपासून हजारो मैलांवर राहणाऱ्या या दोघी पुढं एकाच कागदावर सही करणार होत्या.

मधल्या काळात टीबीवर एक नवं औषध निघालं होतं. नाव बेडाक्विलिन. चाळीस वर्षांत टीबीसाठी असं नव्या जातीचं औषध निघालं नव्हतं. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. गोळी आहे, इंजेक्शन नाही, कान जात नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी ती इंजेक्शनं बाजूला ठेवा आणि ही गोळी पुढं आणा. पण गोळी बनवणारी कंपनी एकच होती, जॉन्सन अँड जॉन्सन. लहान पोरांच्या पावडरीमुळं आपल्याला नाव माहीत असलेली तीच. शोध कंपनीचा होता हे खरं, पण त्याच्या चाचण्यांमध्ये जनतेचा पैसाही लागलेला होता, हे कंपनीच्या बाजूनं बोलणारे सहसा सांगत नाहीत.

आपल्या देशात २०१६ मध्ये ही गोळी आली तेव्हा ती फक्त सहा केंद्रांवर मिळायची, तीही कंपनीनं दिलेल्या दानातून, मोजून. पाटण्याची १८ वर्षांची एक मुलगी होती. तिला कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. बाप तिला घेऊन दिल्लीला गेला. तिथं सांगितलं की तुम्ही दिल्लीचे रहिवासी नाही, ही गोळी मिळणार नाही. बाप दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१७ मध्ये गोळी मिळाली. पण तोवर फुप्फुसं फार खराब झाली होती आणि २०१८ मध्ये ती मुलगी गेली. गोळी देशात होती, त्याच शहरात होती. रहिवासाच्या दाखल्यावरून तिचे महिने गेले. आपण तलाठ्याकडे दाखल्यासाठी खेटे घालतो ना, तसे खेटे, पण इथं मागं मरण उभं.

आता पेटंटचा मुद्दा. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट आपल्याकडे जुलै २०२३ ला संपणार होतं. कंपनीनं आणखी एक अर्ज करून ठेवला होता. तेच औषध, पण क्षाराच्या रूपात आणून केलेली गोळी. रसायनाच्या भाषेत त्याला मीठ म्हणतात, आपलं भाकरीवरचं मीठ नव्हे. हा अर्ज मान्य झाला असता तर पेटंट २०२७ पर्यंत लांबलं असतं. चार वर्षं आणखी एकच दुकान. जुनं लुगडं, नवा काठ.

हा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात होता. त्याला पहिला विरोध केला तो महाराष्ट्रातल्या एचआयव्ही बाधितांच्या संघटनेनं. लोक विचारतील, एचआयव्हीवाल्यांचा टीबीशी काय संबंध? संबंध जवळचा आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी लवकर गाठतो आणि लवकर नेतो. शिवाय पेटंटनं औषध कसं महाग होतं हे त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसलेलं होतं. मग २०१९ मध्ये नंदिता आणि फुमेझा या दोघींनीही आपला विरोध दाखल केला. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था आणि काही वकील त्यांच्या पाठीशी होते. आपल्या कायद्यात कलम २५ आहे. ते सांगतं की पेटंट द्यायच्या आधी कुणीही हरकत घेऊ शकतं. कुणीही. हरकत घ्यायला माणूस कंपनीवाला नको की शास्त्रज्ञ नको, रुग्ण चालतो, रुग्णाची आई चालते. जमीन आपल्या नावावर करायला कुणी तलाठ्याकडे अर्ज दिला की हरकती मागवतात, तसंच हे.

चार वर्षं वाट बघावी लागली. २३ मार्च २०२३ ला मुंबईच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज नाकारला. यात नवा शोध नाही, जाणकाराला आधीच्या माहितीवरून सुचण्यासारखीच ही गोष्ट आहे, असं ठरलं. जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना ही गोळी बनवायची वाट मोकळी झाली. त्यानंतर ऑगस्टमध्येच, जगभरच्या गरीब देशांसाठी जिथून टीबीचं औषध विकत घेतलं जातं तिथं या गोळीचा सहा महिन्यांचा भाव १३० डॉलरवर आला. २०१८ मध्ये तो ४०० डॉलर होता. सप्टेंबरमध्ये कंपनीनं स्वतःच जाहीर केलं की १३४ गरीब आणि मध्यम देशांमध्ये आम्ही या गोळीच्या पेटंटचा हक्क बजावणार नाही. ऐकू न येणाऱ्या दोघींनी आणि एचआयव्ही घेऊन जगणाऱ्या माणसांनी केलेली हरकत १३४ देशांना कामी आली. मुंबईच्या अँटॉप हिलवरच्या एका सरकारी कचेरीत हे घडलं, आणि आपल्या बातम्यांत त्या दिवशी काय होतं ते आम्हाला आठवतही नाही.

आता सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सरकारनं या गोळीसह चार औषधांचा सहा महिन्यांचा इलाज मान्य केला आहे. इंजेक्शन नाही, फक्त गोळ्या. दोन वर्षांचं काम सहा महिन्यांवर आलं. तुमच्या गावात कुणाला औषधाला न जुमानणारा टीबी निघाला आणि कुणी इंजेक्शनाची भीती घालून इलाज टाळत असेल, तर त्या माणसाला एवढं तरी सांगा.

पण हरकतीचं हे दार आता थोडं अरुंद केलं आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं पेटंटचे नियम बदलले. आता हरकत घ्यायला शुल्क भरावं लागतं, आणि हरकत ऐकून घ्यायची की नाही हे अधिकारी आधी ठरवतो. कंपन्यांची तक्रार होती की हरकतींमुळं पेटंट अडकून पडतात. उगाच अडवणारे लोकही असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण कोट्यवधीचा धंदा करणाऱ्या कंपनीला शुल्क किरकोळ आणि रुग्णांच्या गटाला जड. आम्हाला हा बदल पटलेला नाही.

आणखी एक वाट कायद्यात आहे. औषधाचं पेटंट मिळालेलं आहे, पण कंपनी ते पुरेसं आणत नाही किंवा परवडेल अशा किमतीला देत नाही, तर सरकार दुसऱ्या कंपनीला सक्तीचा परवाना देऊ शकतं. असं आपल्या देशात आजवर एकदाच झालं. मार्च २०१२ मध्ये. किडनी आणि लिव्हरच्या कॅन्सरवरचं औषध होतं, बायर कंपनीचं, महिन्याला २ लाख ८० हजार रुपये. नॅटको कंपनीला परवाना मिळाला आणि तेच औषध ८,८८० रुपयांना देणं तिच्यावर बांधलं गेलं. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयातही तिचं चाललं नाही. कायदा इतका साफ असताना दुसरा परवाना का दिला गेला नाही, हे सरकारला विचारायला हवं. आमचा अंदाज सांगायचा तर परदेशी सरकारं आणि कंपन्या दबाव टाकतात.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण औषध हा आपला हक्क आहे का? की सरकारनं दिलं तर उपकार? याचं उत्तरही बायांशी जोडलेलं आहे. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा केला. त्याच्या मसुद्यात पहिलंच वाक्य होतं की सगळे पुरुष स्वतंत्र जन्मतात. इंग्रजीत तसा शब्द होता. त्या समितीवर भारताकडून हंसा मेहता होत्या, मुंबईत काम केलेल्या, आपल्या घटना समितीच्याही सदस्य. त्यांनी आग्रह धरला की पुरुष नाही, सगळी माणसं असं लिहा. तसं लिहिलं गेलं. त्याच जाहीरनाम्याच्या २५ व्या कलमात अन्न, घर आणि औषधोपचार हे प्रत्येक माणसाचे हक्क म्हणून आले आहेत. म्हणजे तुम्ही-आम्ही त्या 'प्रत्येक माणसा'त आहोत ते एका बाईनं भांडून घेतल्यामुळं.

आपल्या राज्यघटनेत कलम २१ जगण्याचा हक्क देतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं बंगालच्या शेतमजुरांच्या संघटनेचं प्रकरण आलं. त्यांचा एक माणूस रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवला. न्यायालयानं सांगितलं, पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही, वेळेवर उपचार न मिळणं म्हणजे जगण्याचा हक्क मोडणं. शेतमजुरांची संघटना होती ती, हे लक्षात ठेवा.

आता घरच्या गोष्टीकडे. औषध स्वस्त झालं म्हणजे ते फर्दापुरात आलं, असं होत नाही. हे आम्हाला सगळ्यात जास्त टोचतं. बेडाक्विलिनवर एवढी लढाई झाली, आणि ज्या साध्या टीबीच्या गोळ्यांवर पेटंटच नाही, त्याच २०२३-२४ मध्ये देशात कमी पडल्या. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की तीन महिन्यांसाठी तुम्ही स्थानिक पातळीवर खरेदी करा. म्हणजे कुलूप एक नाही. पेटंटचं कुलूप उघडलं तरी खरेदीचं, साठ्याचं आणि वाटपाचं कुलूप राहतंच. त्या काळात आमच्या ओळखीतल्या एका बाईला एका दवाखान्यात महिन्याच्या जागी आठवड्याच्या गोळ्या दिल्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा या म्हणाले. एका फेरीला बसचं भाडं आणि दिवसाची मजुरी. चौथ्या फेरीला ती गेलीच नाही. गोळी चुकवली म्हणून दोष तिच्याच माथी आला.

तालुक्याला सोयगावला जा, नाहीतर घाट चढून सिल्लोडवरून संभाजीनगरला घाटीत जा, दिवस मोडतो. पहाटे भाकरी बांधून निघावं लागतं. घरात लहान लेकरू असेल तर ते कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. औषध फुकट असतं, तिथं पोहोचणं फुकट नसतं, आणि याचा हिशेब कुठल्याच कागदावर येत नाही.

काही गोष्टी कागदावर आहेत, त्या तरी घ्यायला हव्यात. टीबीच्या रुग्णाला इलाज चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ते बँकेच्या खात्यात येतात. आमच्याकडे एकीचे पैसे नवऱ्याच्या खात्यात गेले आणि अंडी-दूध काही तिला दिसलं नाही. म्हणून खातं स्वतःच्या नावावर द्या, आधार जोडून घ्या, नसेल तर गटाच्या कामाला बँकेत जाल तेव्हाच उघडा. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत केले आहेत. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत, तिथले नियम तिथं विचारा. टीबीबद्दल काही विचारायचं असेल, गोळी मिळत नसेल, तर १८००-११-६६६६ हा फुकटचा नंबर आहे. पोराला लावायला सांगा, पण बोला तुम्ही.

खाजगी डॉक्टरकडे गेलात तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. कंपनीचं नाव नको, औषधाचं. तेच औषध जनऔषधी दुकानात पुष्कळ कमी किमतीला मिळू शकतं. आम्ही विचारायला लागलो तेव्हा एक-दोन डॉक्टर चिडले. तुम्हाला काय कळतं, असं म्हणाले. कळत नाही म्हणूनच तर विचारतो ना! बिल मात्र दर वेळी घ्या. बिल नसलं की आपण किती दिले हे आपलं आपल्यालाच सांगता येत नाही.

गावात आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छतेची समिती असते. तिच्यात बाया असाव्या लागतात, आणि पुष्कळ गावांत त्यांची नावं कागदावर असतात पण त्यांनाच ते माहीत नसतं. ग्रामपंचायतीत जाऊन ती यादी वाचून घ्या, तुमचंच नाव सापडायचं. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकांनी दवाखान्यांवर देखरेख ठेवायचं काम झालं, जनसुनवाया झाल्या. अधिकारी समोर बसायचे आणि गावातली बाई माइक धरून सांगायची की आमच्याकडे अमुक औषध इतके दिवस नव्हतं. त्यातून काही ठिकाणी साठा सुधारला, काही ठिकाणी नुसतंच आश्वासन मिळालं. आमचं मत असं की एकटीनं जाऊन विचारलं तर हाकलतात, दहा जणी गेल्या तर खुर्ची देतात. हे वाईट आहे, पण आहे असं.

आम्ही ग्रामसभेत अर्ज दिला आहे. मागणी साधी आहे. कोणती औषधं आहेत, कोणती संपली आणि पुन्हा कधी येणार, हे दवाखान्याच्या बाहेर फळ्यावर दर सोमवारी मराठीत लिहावं, म्हणजे बाईला नुसतं चौकशीसाठी मजुरी बुडवून जावं लागणार नाही. अर्जावर १४ सह्या आणि ९ अंगठे आहेत. पोहोच घेतली आहे आणि गटाच्या वहीत चिकटवून ठेवली आहे. उत्तर आलं की याच वेळेला सांगू. तुमच्या गावात असा फळा असेल तर आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर कळवा, त्यावर काय काय लिहितात ते बघायला आम्ही येऊ.